बाहेर सम्राज्ञी, आत प्रेमात पडलेलं यान आणि मधे माझा सुपरहिरो: सीन विनोदी ठेवू का गंभीर?

अर्धी_वही
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

एक सुपरहिरोची कथा लिहितेय. नाव उल्कावीर (हसू नका, नववीत असताना ठेवलेलं आणि आता बदलायला जीव होत नाही). तर हा एका परक्या ग्रहाला वाचवतो आणि तिथली सम्राज्ञी झायरा ठरवून टाकते की लग्न करीन तर याच्याशीच. तो नाही म्हणतो. परत नाही म्हणतो. ती आख्खं आरमार घेऊन मागे लागते. हा एका जुनाट मालवाहू यानातून पळतो, पण त्या यानाचा कॉम्प्युटर, बेला, वर्षानुवर्षं एकटीच फिरत असते, आणि तिसऱ्या दिवशी तीपण याच्या प्रेमात!! आता साहेब एअरलॉकमध्ये (यानातून बाहेर पडायची दोन दारांची छोटी खोली) अडकलेत. आतलं दार बेलाच्या ताब्यात, बाहेरचं उघडलं तर समोर झायरा. त्याच्या शक्ती त्या भागात चालत नाहीत (कारण अजून सुचलं नाहीये, सुचेल).

इथपर्यंत लिहून भावाला वाचायला दिलं तर तो म्हणे, "दोघीदोघी मागे लागल्यात आणि हा तोंड पाडून बसलाय, काय रडका हिरो आहे तुझा". मैत्रिणीला दिलं तर ती म्हणाली की यात हसण्यासारखं नेमकं काय आहे ते सांग. दोघांचंही ऐकलं आणि तेव्हापासून पंधरा दिवस एक ओळ पुढे सरकलेली नाही. विनोदी ठेवू का गंभीर करू? आणि अंतराळातला पाठलाग खरा कसा दिसतो हेपण कुणी सांगितलं तर बरं होईल, सध्या माझं यान रस्त्यावरच्या गाडीसारखं ओव्हरटेक करतंय.

रद्दीतला_खजिना
ताई, हा प्रकार सुपरहिरो कॉमिक्समध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, त्यामुळे जुनी उदाहरणं बघितलीत तर निम्मं कोडं तिथेच सुटेल.

तुमच्या झायराच्या सगळ्यात जवळची म्हणजे मॅक्झिमा. १९८९ मध्ये सुपरमॅनच्या कॉमिक्समध्ये आली, अल्मेरॅक ग्रहाच्या राजघराण्यातली, आणि तिचं सरळ म्हणणं की मला वारस हवाय, माझ्या तोडीचा पुरुष हाच, तेव्हा चल. सुपरमॅन नाही म्हणतो. मला त्यात आवडतं ते हे की तिला नकार म्हणजे काय हेच कळत नाही, कारण आयुष्यात तिला कुणी नाही म्हटलेलंच नसतं. विनोद तिथून येतो. सुपरमॅन घाबरट दिसतो म्हणून नाही. तुमच्या भावाला हा रडका वाटला ना, मग बहुतेक तुमचा उल्कावीर नुसता कण्हतोय, धड काही बोलत नाहीये. त्याला एक स्वच्छ वाक्य द्या.

दुसरं ग्रीन लँटर्नमधलं. १९६२ साली स्टार सफायर आली. म्हणजे कॅरल फेरिसच. ती हॅल जॉर्डनची बॉस, तिचं मन ग्रीन लँटर्नवर, हॅल हाच मुखवट्यातला ग्रीन लँटर्न, आणि त्याची धडपड अशी की हिने मुखवट्यामागच्या माणसावर प्रेम करावं, म्हणजे गडी स्वतःच स्वतःचा प्रतिस्पर्धी. त्यात झामारॉन नावाच्या परग्रहावरच्या बायका येऊन तिला राणी करतात, हातात रत्न देतात, आणि ती ज्याच्यावर जीव टाकते त्याच्याशीच आकाशात मारामारी करते. कागदावर वाचायला येडपट वाटतं पण चालून जातं, कारण तिच्या मनाचे दोन तुकडे झालेत हे आपल्याला दिसत असतं.

आता तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा, आणि तो हलक्यात घेऊ नका. १९८० मध्ये ॲव्हेंजर्सचा २०० वा अंक आला. त्यात मार्कस नावाचा एकजण कॅरल डॅनव्हर्सला (ही दुसरी कॅरल, ॲव्हेंजर्समधली मिस मार्व्हल) लिंबो नावाच्या काळाबाहेरच्या जगात ओढून नेतो, यंत्रांच्या मदतीने तिचं मन वळवतो, आणि शेवटी ती त्याच्याबरोबर निघून जाते तेव्हा बाकीचे ॲव्हेंजर्स हसतमुखाने निरोप देतात, जणू लग्नाची वरातच. वाचक भडकले. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या वार्षिक अंकात, क्रिस क्लेरमाँट या लेखकाने तिला परत आणलं आणि तिच्याच तोंडून त्या मित्रांना सुनावलं की माझ्याबरोबर काय झालं हे तुमच्यातल्या एकालाही कसं विचारावंसं वाटलं नाही. मागे लागणाऱ्यापेक्षा बाजूला उभे राहून टाळ्या वाजवणारे जास्त लागतात मनाला. तुमचा भाऊ सध्या त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आहे, राग मानू नका.

चिमटा_काढणारा
माझं मत बेलाला. निदान ती घर तरी सांभाळेल. घरच आहे म्हणा ती.

कक्षेतला_कावळा
पाठलागाबद्दल मी सांगतो, कारण यात भारी विनोद आयता पडलाय आणि कुणी वापरत नाही.

समजा दोन्ही यानं एकाच कक्षेत आहेत, बेला पुढे, झायरा मागे. झायराला वाटतं जोर लावला की गाठलं. तिने इंजिन पुढच्या दिशेने पेटवलं की तिची कक्षा वर चढते, वरची कक्षा लांब आणि तिथे सरासरी वेगही कमी, एका फेरीला जास्त वेळ, म्हणजे ती मागे पडत जाते! गाठायचं असेल तर उलट ब्रेक मारायचा, खाली उतरायचं, खालची फेरी लवकर होते, पुढे सरकायचं आणि मग योग्य वेळी वर यायचं. ही कल्पनेतली गोष्ट नाही, जून १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी ४ यानातल्या अंतराळवीर मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, त्याच्याकडे तोंड करून जोर लावला की तो आणखीनच लांब, शेवटी इंधन उडतंय बघून नाद सोडला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ए ने जेमिनी ७ ला बरोबर गाठलं, तोवर हे गणित नीट बसलेलं होतं. (अगदी काही मीटरवर असाल तर हा फरक फारसा जाणवत नाही, तिथे सरळ ढकललं तरी चालतं.)

म्हणजे बघा, जितक्या तावातावाने मागे लागेल तितकी लांब जाईल. सम्राज्ञीचा सेनापती बिचारा घाम पुसत सांगतोय की महाराणी, त्यांना गाठायचं तर आधी आपल्याला हळू व्हावं लागेल, आणि ती म्हणतेय मी कुणासाठीही हळू होत नाही. झाला सीन.

अजून एक, संदेशाला वेळ लागतो. पृथ्वी ते मंगळ रेडिओ संदेश जायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं, तेही एका बाजूने. झायरा तेवढ्या लांब असताना याने "नाही" पाठवलं तर ते पोचेपर्यंत तिचं लग्नाचं आमंत्रण निघालेलं असणार.

आणि एअरलॉक. बाहेर पळायचं म्हणून सूट चढवला आणि उडी मारली असं होत नाही. स्पेससूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन आणि दाब जेमतेम ०.३ वातावरणाएवढा असतो, एकदम त्या दाबात गेलात तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, खोल पाण्यातून झपकन वर आलेल्या पाणबुड्याला होतात तसेच. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन घेत बसावं लागतं, साध्या पद्धतीत चक्क चार तास. सूटशिवाय तर विचारूच नका, १९६६ मध्ये नासाच्या निर्वात चेंबरमध्ये चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निघाली, १४-१५ सेकंदात शुद्ध गेली, शेवटची आठवण काय तर जिभेवरची लाळ उकळतेय. लगेच हवा आत सोडली म्हणून वाचला.

अर्धी_वही
चार तास!!! अहो म्हणजे चार तास तो मास्क लावून बसणार आणि भिंतीतून बेला बोलत राहणार. मला सीन दिसायलाच लागला.

साधा_वाचक
जरा उलटं बोलू का, सगळेच इतके गंभीर कशाला झालात? ही धमाल गोष्ट आहे, मागे लागणं, पळणं, दार उघडणं, दार लावणं. प्रत्येक ठिकाणी नकाराचं तत्त्वज्ञान घातलं की गोष्टीचा जीव जातो. वाचकाला हसू द्या की.

रद्दीतला_खजिना
हसू द्याच, मी कुठे नको म्हणतोय. पण झायरा आणि बेला एका मापाने मोजू नका. झायरा दाराबाहेर आहे, तिच्यावर पोटभर हसता येतं कारण अजून दार बंद आहे. बेलाच्या हातात याची हवा आहे. जिच्या मर्जीवर श्वास चाललाय तिला "नाही" म्हणताना माणूस शब्द तोलून वापरणार, गोड बोलणार, आणि तिला ते गोड बोलणंच होकार वाटणार. घाबरवणारी खरी तीच आहे, आरमारवाली नाही. ताईंनी नकळत हे लिहून ठेवलंय आणि विचारतायत मात्र विनोदी का गंभीर. बाहेरचं विनोदी, आतलं गंभीर, मधे एक दार.

साधा_वाचक
हे पटलं. पण बेलाला खलनायक करू नका राव, एकटी आहे बिचारी.

कक्षेतला_कावळा
शक्ती का चालत नाहीत त्याचं कारण पण बेलाच असू दे ना. मालवाहू यान आहे, किरणोत्सर्गापासून बचावाला जाड कवच असणारच, त्याची शक्ती बाहेरून कुठल्या ताऱ्याकडून येत असेल तर यानाच्या आत ती पोचतच नाही. म्हणजे जिथे सुरक्षित तिथेच दुबळा. फुकटात कारण मिळालं.

अर्धी_वही
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले. कच्चं आहे, तरी टाकते:

"अजून तीन तास चाळीस मिनिटं," बेला म्हणाली. "तोवर बोलू या ना."
उल्कावीरने मास्क घट्ट दाबला. काचेपलीकडे झायराचं जहाज पुन्हा जोरात पेटलं आणि पुन्हा वर चढत मागे राहिलं, आज सकाळपासून पाचव्यांदा.
"ती कधीच पोचणार नाही," बेला म्हणाली. "मी गणित केलंय. मी तर इथेच आहे."
"बेला, बाहेरचं दार कोण उघडतं?"
"मीच."
"आणि मी नाही म्हटलं तर?"
पंखा बंद झाला. मग, बऱ्याच वेळाने, परत सुरू झाला.

भावाला वाचायला दिलं. हसला पाचव्यांदावर, मग शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, पंखा बंद का केला तिने? मी म्हटलं तूच सांग. काही बोलला नाही, पुढचं पान मागितलं, ते अजून लिहिलेलंच नाहीये.

चिमटा_काढणारा
माझं मत मागे घेतो.

कक्षेतला_कावळा
मस्त. एकच, "सकाळपासून" खटकतंय, पृथ्वीलगतच्या कक्षेत तर दीड तासाला एक सूर्योदय होतो, त्या ग्रहाचंही तसंच काहीतरी असणार. यानाच्या घड्याळाने सकाळ म्हणा.