फाईल पुसण्याआधीच अडवायची, तर कर्नलात (लिनक्सच्या गाभ्यात) नेमकी कुठं?

शिरोलीकर_फौंड्री: आमच्या फौंड्रीतली पॅटर्नची ड्रॉइंग एका लिनक्स सर्व्हरवर असतात, एनएफएसवरून (नेटवर्कवरून फायली वाटायची सोय) सगळीकडं उघडतात. गेल्या महिन्यात एक अख्खं फोल्डर पुसलं गेलं. कुणी पुसलं, अजून कळलेलं नाही. म्हणून उघडणं, पुसणं, नाव बदलणं यावर पहारा लिहायला घेतलाय. जोडीदार म्हणतो सिस्टिम कॉल टेबलातला (प्रोग्रामनं कर्नलाकडं मागितलेलं काम कुठल्या फंक्शनकडं जातं, त्याची यादी) पत्ता बदल, झालं. मला हे पटत नाही. ते टेबल कर्नल २.६ पासून मॉड्यूलला (कर्नलाला वरून जोडायच्या तुकड्याला) दिलेलंच नाही, आणि ते शोधायची कॅलसिम्सची (कर्नलातल्या नावावरून पत्ता देणारी) वाट ५.७ मध्ये, २०२० साली बंद झाली. मी एलएसएमचे हुक (कर्नलानं सुरक्षेच्या तपासणीसाठी ठेवलेल्या जागा) बीपीएफमधून (कर्नलात तपासून चालवायचे छोटे प्रोग्राम) वापरायच्या मताचा आहे.

जुनं_ते_चालू: भावा, उद्यमनगरात माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांकडं ३.१० कर्नल आहे. बीपीएफचं एलएसएम आलं तेच ५.७ ला. साधं मॉड्यूल लिहून एलएसएममध्ये शिरावं म्हटलं तर २.६.२४ पासून तेही बंद. मग काय, प्रत्येकाचा कर्नल नव्यानं बांधत बसू? टेबल बदलून माझं चार वर्षं बिनतक्रार चाललंय.

राजारामपुरी_सी: दादा, चालतंय खरं, पण सापडतंय काय? एनएफएसचा सर्व्हर कर्नलातच असतो. तो अनलिंकचा (फाईल पुसायचा) सिस्टिम कॉल करत नाही, थेट व्हीएफएसचं (फायलींची कामं बघणारा कर्नलातला सामाईक थर) फंक्शन बोलावतो. शिरोलीकरांचं फोल्डर पुसलं गेलं तेव्हा तुमचा हुक असता, तरी त्याला कळलं नसतं! आयओ-युरिंगमधून (कर्नलाला कामं रांगेतून द्यायची वेगळी वाट) उघडलेल्या फायलीही तशाच निसटतात. पाथचं (फाईलच्या पूर्ण नावाचं) त्याहून वाईट: तुम्ही युजरच्या मेमरीतून तो वाचता, मग कर्नल पुन्हा वाचतो, आणि मधल्या वेळात दुसरा थ्रेड नाव बदलून मोकळा होतो. एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसर) ६.९ पासून तर कॉल त्या टेबलातून जातच नाहीत.

शिरोलीकर, तुम्हीही सांभाळा. पाथ_अनलिंक नाही, इनोड_अनलिंक हा हुक धरा. पहिला सिस्टिम कॉलच्या वाटेवर आहे, एनएफएस तिथून जात नाही.

जुनं_ते_चालू: एनएफएसचा मुद्दा मानला, माझ्याकडं सगळं एकाच मशीनवर असतं. पण ३.१० चं काय, ते कुणी बोलत नाही.

पंचगंगा_घाट: ३.१० वर फॅनोटिफाय (फायलींवर नजर ठेवायची कर्नलातली तयार सोय) आहे की. उघडण्याआधी परवानगी विचारतं, कर्नलात एक ओळ लिहावी लागत नाही. मात्र उत्तर देणारा प्रोग्राम अडकला की फाईल उघडणारे सगळे अडकतात. पुसणं त्यानं अडवता येत नाही. आणि तो सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच थांबलेत. तसल्या मशीनवर हातानं कर्नल ठिगळायची जबाबदारी मी तरी घेणार नाही.

जुनं_ते_चालू: जबाबदारी गिऱ्हाईक माझ्यावरच टाकतं, मशीन बदलायला पैसे देत नाही. पुसणं अडवायचंच असेल तर माझ्याकडं टेबलाशिवाय दुसरं काही नाही.

शिरोलीकर_फौंड्री: आहे. पास झालेल्या ड्रॉइंगला चॅटर प्लस आय (chattr +i, फाईलला कुलूप लावायची कमांड) लावा, रूटनं (मशीनच्या मुख्य ॲडमिननं) ते काढल्याशिवाय ना पुसता येतं ना बदलता. आज दुपारी आमच्याकडं लावलं, एनएफएसवरूनही पुसून बघितलं, नकार आला. चालू कामाच्या फोल्डरला हे जमत नाही, रोज बदल असतात. तिथं इनोड_अनलिंक आणि इनोड_रिनेम लिहितोय.