जेम्स स्किनरला फितूर म्हणायचं का?

धागाकर्ता: कंपूवाला

१८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाबद्दल कुठेही बोलणं निघालं की दौलतराव शिंद्यांना सोडून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीत जेम्स स्किनरचं नाव येतं आणि पुढे ‘फितूर’ हा शिक्का. मला हा शिक्का पटत नाही.

स्किनरचा जन्म १७७८ चा. बाप हर्क्युलिस स्किनर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला स्कॉटिश अधिकारी. आई राजपूत, भोजपूर भागातल्या जमीनदाराची मुलगी. चौदाव्या वर्षी ती लढाईत कैद झाली होती, असं तो स्वतःच सांगतो. कंपनीने १७९१ मध्ये नियम केला की आई किंवा बाप हिंदुस्थानी असलेल्याला अधिकारी म्हणून घ्यायचं नाही. म्हणजे बापाच्या फौजेचा दरवाजा बंद. कलकत्त्याला छापखान्यात उमेदवारीला ठेवलं, तिथून पोरगा पळाला आणि सतरा-अठराव्या वर्षी डी बॉयन या युरोपियन सेनानीने उभ्या केलेल्या शिंद्यांच्या कंपूत, म्हणजे कवायती फौजेत, दाखल झाला. पुढची सात-आठ वर्षं तो शिंद्यांसाठी लढला, जखमी झाला.

ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनीशी युद्ध जुंपलं. अलीगडजवळ कोइलला पळापळ झाल्यावरही स्किनर शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉन याच्याकडे गेला आणि म्हणाला, फौज गोळा करू, पुन्हा उभे राहू. पेरॉनने तुमचा भरवसा नाही म्हणत त्याला वाटेला लावलं. थोड्याच दिवसांत पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आपली सगळी माया सांभाळून! मग फितूर कोण?

उत्तर: माळव्याचा

पेरॉनबद्दल दुमत नाही. पण पेरॉन वाईट निघाला म्हणून स्किनर चांगला ठरत नाही. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली, शिंद्यांचे जवळपास दोन हजार स्वार इंग्रजांकडे आले आणि त्यांनी सरदार म्हणून मागितला तो ‘सिकंदर साहेब’, म्हणजे स्किनरच. तेच स्वार, तेच घोडे, तीच शिंद्यांच्या पैशावर झालेली तालीम, सगळं इंग्रज सेनापती लेकच्या पदरात पडलं. पिवळे अंगरखे घातलेला हाच तो रिसाला. माझे आजोळचे लोक होळकरशाहीतले, म्हणून मला हे जास्त लागतं.

कंपूवाला

लेककडे जाताना त्याने अट घातली होती की जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध लढणार नाही. लेकने ती मान्य केली. त्याच्याशेजारी लुकनला ठेवून पाहा. तोही शिंद्यांच्या चाकरीतला, आणि अलीगडच्या किल्ल्यावर ४ सप्टेंबरला हल्ला झाला तेव्हा इंग्रजांना दरवाजापर्यंत वाट दाखवायला तोच पुढे होता. फितुरी म्हणतात ती ही. दोघांना एका मापाने कसं मोजायचं?

माळव्याचा

अट शिंद्यांपुरती. होळकरांचं काय? १८०५ मध्ये यशवंतराव पंजाबात उतरले तेव्हा लेकच्या फौजेबरोबर बियास नदीपर्यंत त्यांचा पाठलाग करणाऱ्यांत स्किनरचे स्वार होते. शिंद्यांचं मीठ आठवतं आणि होळकर परके, हा हिशेब त्या काळी चालत असेलही, मला तो पटत नाही.

उत्तर: भाऊबंद

माळव्याचा, दुसरी बाजूही सांगा. १८०४ मध्ये होळकरांच्या चाकरीतल्या विकर्स आणि त्याच्याबरोबरच्या दोन अधिकाऱ्यांनी कंपनीविरुद्ध लढायला नकार दिला, तेव्हा यशवंतरावांनी त्यांची डोकी उडवली. विकर्सही स्किनरसारखाच मिश्र रक्ताचा. या माणसांना इकडे राहिलं तर संशय, तिकडे गेलं तर नियम. त्या काळची शिपाईगिरी ही नोकरी होती, राष्ट्र ही कल्पना आपण मागाहून तिच्यावर चढवतो.

उत्तर: ओसरी

तुम्ही सगळे पलटणी मोजताय. मला त्याच्या आईबद्दल बोलायचंय.

मुलींना शाळेत घालायचं बापाने ठरवलं. पडदा मोडला, घराण्याची अब्रू गेली, असं मानून तिने १७९० मध्ये जीव दिला. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या आठवणींत ती काही ओळींत संपते. तिला कैद करून आणलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, मुलींचं ठरवतानाही विचारलं नाही. आणि पुढच्याच वर्षी कंपनीचा तो नियम आला. मुली कंपनीच्या साहेबांशी लग्न करून त्या जगात गेल्या, मुलांना मात्र आईच्या रक्तामुळे बाहेर ठेवलं. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याही घरात मोठा जनाना होता, बायकांची संख्या कोणी सात सांगतं, कोणी चौदा. इमानाचा हिशेब मांडताना घरातल्या बायकांना त्यात जागा का नसते?

माळव्याचा

ओसरी, हे वाचून थांबलो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

कंपूवाला

ओसरी, तुमचं मान्य. मी त्याची बाजू घेताना आईला एका ओळीत उरकलं, ते चुकलंच.

त्यात एक भर घालतो. १८०० मध्ये राजस्थानातल्या उनियाराच्या लढाईत गोळी लागून स्किनर रणात पडून होता. एक चांभार म्हातारा आणि म्हातारी आले, जखमींना ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी देत फिरले. शेजारी पडलेल्या राजपूत सुभेदाराने त्यांच्या हातचं घेतलं नाही. स्किनरने घेतलं, जगला, नंतर त्या बाईला पैसे पाठवले. वाचलो तर चर्च बांधीन, असा तिथेच केलेला नवस त्याने १८३६ मध्ये दिल्लीला काश्मिरी दरवाजापाशी सेंट जेम्स चर्च बांधून फेडला. राजपूत आईचा मुलगा त्या दिवशी सुभेदारासारखा वागला नाही. माझ्या लेखी त्याची ओळख तिथे आहे, १८०३ मध्ये नाही.

माळव्याचा

उनियाराचं खरं आहे आणि मोठं आहे. तरी बियासचा पाठलाग मी सोडणार नाही. लेफ्टनंट कर्नल हे पद द्यायला कंपनीने त्याला वीस वर्षांहून जास्त ताटकळत ठेवलं, आणि तो थांबला. ज्यांनी रक्तावरून नाकारलं त्यांच्याच दारात इतकी वर्षं का उभं राहावं, हे मला अजून कळलेलं नाही.

भाऊबंद

कारण दुसरं दार उरलं नव्हतं. १८१८ नंतर पेशवाईच नव्हती, शिंदे-होळकरांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे देखरेख करणारा वकील, बसला होता. तो कुठे जाणार होता?