मदत हवी आहे: मुलं नसलेल्या स्टाफलाही फ्लेक्झी टायमिंग द्यावं का? (कुपवाड एमआयडीसी)

कुपवाडकर_एचआर
सोमवारी मालकांपुढे कागद ठेवायचाय, म्हणून जरा लवकर सांगा. आमच्याकडे लहान मुलं असणाऱ्यांना सकाळी उशिरा यायची आणि आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची सवलत आहे. बाकीच्यांचं मन कामातून उडालंय. पूर्वी डिस्पॅच अडलं की न सांगता थांबायचे, आता साडेपाचला थंब मारून गेटबाहेर. दोघांनी पुण्याला जायचं म्हणून राजीनामा दिलाय. मालक म्हणतात, यांच्या घरी कोण वाट बघतंय? सगळ्यांना सवलत दिली तर बांधिलकी वाढते की ढिलाई येते? तयार मसुदा असेल तर टाका.

माहुली_संगम
ऑफिस स्टाफ की मशीनवरचे? माणसं किती? सवलत लेखी की तोंडी? एवढं कळल्याशिवाय मसुदा देता येणार नाही.

कृष्णाकाठ
पगार वाढवा. पुण्याला जाणारा पगारासाठीच जातो. टायमिंगनं माणूस टिकत नाही.

मिरजमळा
५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीत आलेल्या नियमाप्रमाणे पाळणाघर लागतं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यावं लागतं. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची तरतूदही त्यातच आहे. ती आधी बघा.

कुपवाडकर_एचआर
पाळणाघराचं विचारलं नाही हो. ३८ माणसं. १४ ऑफिसात: अकाउंट्स, पर्चेस, डिझाइन, दोन क्यूसी (माल तपासणारे). २४ जण सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) दोन शिफ्टमध्ये, पहिली सातला. सवलत तोंडी आणि फक्त ऑफिसला. ऑफिस ९ ते ५.३०, सहा दिवस.

माहुली_संगम
तोंडी आहे, तिथंच गोम आहे. तोंडी सवलत म्हणजे साहेबांची मर्जी. ज्याला मिळत नाही त्याला वाटतं, आपल्या वेळेला इथं किंमत नाही. मग तोही कंपनीला मोजून वेळ देतो. बांधिलकीवर मेयर आणि ॲलन यांची मांडणी एचआरच्या अभ्यासात असते: एक आपुलकीची, दुसरी सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहण्याची, तिसरी कर्तव्य म्हणून राहण्याची. डिस्पॅचला न सांगता थांबणं हे पहिलीतून येतं, आणि भेदभाव दिसला की सगळ्यात आधी तीच आटते. पगारानं दुसरी वाढते. म्हणून कृष्णाकाठ यांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

ब्रिटनचं बघा. २००३ साली लवचीक वेळ मागायचा हक्क लहान मुलांच्या आईवडिलांनाच होता. २००७ मध्ये मोठ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांना दिला, ३० जून २०१४ पासून सगळ्या कर्मचाऱ्यांना. तुम्हीही सगळ्यांसाठीच लिहा.

अर्जात कारणाचा रकाना ठेवू नका. कारण विचारलं की मूल, आजारी आई आणि तालीम यांची तुलना सुरू होते, आणि ती तुलना करणारा साहेब कुणालाच पटत नाही. १०.३० ते ३.३० सगळे हजर. यायची वेळ ८ ते १०.३०, त्यापुढे साडेआठ तास, अर्धा तास जेवण धरून. वेळ महिन्याला एकदाच निवडायची. रोज बदलू दिली तर पर्चेसवाला कधी भेटेल हे सप्लायरला कळत नाही.

हळदगल्ली
अकाउंट्सला सरसकट नको. ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण (जीएसटीआर-१), १५ ला पीएफचा भरणा, २० ला जीएसटीचं महिन्याचं विवरण (३बी). त्याआधीचे दोन दिवस आणि तो दिवस नेहमीची वेळ, घरून काम बंद, असं नियमातच लिहा. आयत्या वेळी अडवलं की भांडण होतं.

कृष्णाकाठ
मुलांची शाळा असते, त्यांची अडचण खरी आहे. मोकळ्या माणसाला संध्याकाळी थांबायला सांगितलं तर बिघडतं कुठं?

माहुली_संगम
बिघडतं ते इथंच. तासगावहून एसटीनं येणारी, घरी सासऱ्यांचं डायलिसिस असलेली बाई तुमच्या हिशेबात मोकळीच. थांबण्याची पाळी, शनिवारचं डिस्पॅच आणि गणपती-दिवाळीची रजा यांचा एकच तक्ता करा आणि नोटीस बोर्डावर लावा. ज्यानं यंदा दिवाळीत ड्यूटी केली त्याला पुढच्या वर्षी पहिली निवड. फ्लेक्झी सगळ्यांना दिलं आणि हा तक्ता केला नाही, तर नाराजी आहे तिथंच राहील.

सातारी_टर्नर
क्यूसीचं कुणी बोललंच नाही. सातला सेटिंग झालं की पहिला पीस पास करायला माणूस लागतो. दोन्ही क्यूसी साडेदहाला आले तर साडेतीन तास मशीन उभं, नाहीतर ऑपरेटर तसंच चालवतो आणि लॉटच रिजेक्ट होतो. दोघांनी आठवड्याआड सातची पाळी वाटून घ्यावी, घरून काम त्यांना नाहीच.

मशीनवर फ्लेक्झी चालत नाही. कामाच्या वेळांचा तक्ता लावलेला असतो, त्याबाहेर माणूस कामावर दिसला तर इन्स्पेक्टर धरतो. तिथं शिफ्ट बदली द्या: त्याच मशीनचं काम येणारा जोडीदार, दोन दिवस आधी रजिस्टरला दोघांच्या सह्या, सुपरवायझरची सही. सलग दोन शिफ्ट होऊ देऊ नका. आठवड्याला ४८ तासांवर गेलं की दुप्पट दरानं ओव्हरटाइम बसतो.

हळदगल्ली
डिझाइनवाल्याचं सॉफ्टवेअर डोंगलवर (लायसन्सची यूएसबी किल्ली) असेल तर घरी नेताना रजिस्टरला नोंद करा. हरवला की लायसन्सचा घोळ निस्तरत बसावं लागतं.

मिरजमळा
बाळंतपणानंतरचं घरून काम या नियमात मिसळू नका. त्याचं पत्र वेगळं, मुदत दोघांच्या संमतीनं.

कुपवाडकर_एचआर
हे उपयोगाचं आहे. पण मालक विचारणारच, बांधिलकी वाढली हे कशावरून? आणि बायोमेट्रिकला काय करायचं?

माहुली_संगम
ऑफिसच्या १४ जणांना आधी तीन महिने द्या. सुरू करायच्या आधीचे तीन महिने आणि हे तीन महिने यांची न कळवता झालेली गैरहजेरी, राजीनामे आणि डिस्पॅचला स्वतःहून थांबलेले दिवस शेजारी मांडा. मुलं असलेले आणि नसलेले अशी यादी करू नका, लोकांना लगेच कळतं. राजीनामा दिलेल्या दोघांशी बोलताना मालकांना बाहेर ठेवा.

बायोमेट्रिक मशीनमध्ये या १४ जणांची शिफ्ट फ्लेक्झिबल करा, पहिला आणि शेवटचा थंब धरून तास मोजा, ग्रेस (उशिराची थोडी सूट) आणि लेट मार्क काढा. लेट मार्क राहिला तर तीन झाले की पगाराच्या शीटमध्ये हाफ डे आपोआप कापला जाईल आणि पहिल्याच महिन्यात नियमावरचा विश्वास उडेल. पगार करण्याआधी दोघातिघांचे तास हातानं जुळवून बघा.

सातारी_टर्नर
आणि २४ जणांच्या शिफ्ट बदलीचं त्याच कागदावर घ्या. ऑफिसला दिलं आणि शॉपफ्लोअरला नाही म्हटलं, तर तिकडून पुढचे राजीनामे येतील.