जुळ्यांना पाजताना थोरलीला कसे सांभाळावे? (मदत हवी आहे)

मी नागपूरला मनीषनगर भागात राहते. मला चार महिन्यांची जुळी मुले असून थोरली मुलगी अडीच वर्षांची आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळांना वरचे पाणीही द्यायचे नसल्यामुळे, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की दोघेही वारंवार दूध मागतात. त्यांना एकाच वेळी पाजायला घेतले की माझे दोन्ही हात अडकतात आणि नेमकी तेव्हाच थोरलीला शी लागते किंवा तिलाही मांडीवर बसायचे असते. भर उन्हात तिला अंगणात पाठवता येत नाही, आणि कूलरच्या एकाच खोलीत सगळे असल्याने एक रडले की बाकीचे उठतात. सासूबाई जमेल तेवढे करतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. (मोबाइल हातात देण्याचा उपाय कृपया सुचवू नये, तो आम्हाला मुळीच नको आहे.)

ज्यांनी जुळी आणि त्यांच्याहून थोडे मोठे मूल एकत्र वाढवले आहे, त्यांनी बाळांना एकत्र पाजावे की पाठोपाठ, आणि त्या वेळात थोरलीला कशात गुंतवावे, हे सांगावे. शिवाय, फक्त दुपारी येणारी विश्वासू बाई मनीषनगर किंवा बेसा परिसरात साधारण किती पगारावर मिळते, हेही कळवावे.