तुमच्या घरी गौर कोणाच्या हातून येते?

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, एवढा क्रम सगळीकडे सारखा असला तरी गौर कोणत्या रूपात येते आणि तिला घरात कोण आणते, हे घरागणिक बदलते. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी मुखवटे नसतात. पाणवठ्यावरून सात खडे वेचून आणतात, आणणारीने वाटेत एक शब्दही बोलायचा नसतो आणि तिच्या पायांवर दूध-पाणी घालून मगच तिला उंबरठ्याच्या आत घेतात. ते खडे मी नवव्या वर्षी पहिल्यांदा आणले. ओंजळीतला तो गारवा मला अजून आठवतो. आपापल्या घरचा अनुभव येथे लिहावा, आणि हा मान कोणाकडून कोणाकडे गेला, तेही जरूर सांगावे.

नागपूरहून

आमच्याकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा धान्य भरलेल्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात, शेजारी त्यांची मुले असतात, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला असतो, आणि पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील व पडवळाची कढी असा नैवेद्य होतो. उभ्या मूर्तीला लुगडे नेसवणे सोपे नसते. खांदा उतरला किंवा निऱ्या सैल पडल्या की सारे रूपच बिघडते. हे काम सासूबाईंइतके सुबक कोणालाच जमत नसे.

मामंजी गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला त्या माजघरातून बाहेरच आल्या नाहीत. लुगडी चुलत सासूबाईंनी नेसवली आणि सासूबाई दाराआडून सांगत राहिल्या, ‘धाकटीचा पदर जरा वर घे.’ तीस वर्षे ज्यांनी हे सारे उभे केले, त्यांना केवळ कपाळावर कुंकू नाही म्हणून दाराआड थांबावे लागले, हे मला त्या दिवशी सहन झाले नाही, तरीही मी नवी सून म्हणून गप्प राहिले, याचे दुःख मला आजही आहे. पुढच्या वर्षी आवाहनाच्या दिवशी मी दोन्ही मुखवटे त्यांच्या हातात ठेवले. एक वडीलधाऱ्या नातेवाईक न जेवता निघून गेल्या. सासूबाईंचे हात थरथरत होते, पण निऱ्या पूर्वीसारख्याच पडल्या. हळदीकुंकवाच्या पावलांवरून त्या आत आल्या तेव्हा मी विचारले, ‘महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?’ आणि त्यांनी उत्तर दिले, ‘सोन्याच्या.’ गेली सहा वर्षे हेच चालू आहे, आणि त्या नातेवाईकही आता पंक्तीला बसतात.

कोल्हापूरहून

आमची गौर तेरड्याच्या डहाळ्यांची. घरातल्या मुली पाणवठ्यावरून ती वाजतगाजत आणतात, आणि दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतो. आमच्या घरात मुलगी नसल्यामुळे शेजारची मुलगी आणत असे; ती लग्न होऊन गेल्यापासून माझा मुलगा आणतो.

दापोलीजवळून

आमच्याकडे पूजनाच्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण आणि वडे. त्या वेळी गणपतीसमोर पडदा ओढून घेतात, कारण त्याचा नैवेद्य गोडाचा. शाळेत असताना हे सांगायला मला संकोच वाटत असे, कारण पुस्तकातली गौर नेहमी पुरणपोळीच खात असे. माहेरवाशिणीला घरात जे उत्तम शिजते ते वाढावे, असे आजी म्हणायची, आणि मला ते पूर्ण पटते. लग्नानंतर मी ओवसा (नव्या नवरीने गौरीला वाहायची सुपे) घेऊन गेले तेव्हा फळे आणि सुका मेवा भरलेली सुपे आजीनेच बांधून दिली होती. तीही विधवा होती. तिला कोणी अडवले नाही, इतकेच नागपूरच्या ताईंना कळवावेसे वाटले.

पुन्हा रत्नागिरीहून

नागपूरचा अनुभव वाचून मी काल काकूंना फोन केला. काका गेल्यापासून त्या खडे आणायला आलेल्या नाहीत, आणि आम्ही कोणी त्यांना बोलावलेही नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘येईन गं. पण पाणवठ्याच्या पायऱ्या शेवाळल्या आहेत, हात धरायला तू हवीस.’