आजोबांच्या समाधीवर खूण करायची आहे (सोलापूर)

गड्ड्याचा पाहुणा: माझे आजोबा मिल कामगार. १९७२ च्या दुष्काळात वारले. आम्ही लिंगायत, म्हणून शहरातल्या सार्वजनिक दफनभूमीत माती दिली. दगड बसवायची तेव्हा ऐपत नव्हती. आज्जी घरीच थांबली होती, त्यामुळे जागा तिने पाहिलेलीच नाही. आता ती फार थकलीय. "एकदा त्यांच्यापाशी बसू दे," एवढंच म्हणते. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळे सोलापुरात जमतोय. जागा कशी शोधू? दगड कोणता घेऊ?

मुळेगाव रोड: दादा, सोलापूरची महापालिका १९६४ ची, म्हणून आधी तिच्या जन्म-मृत्यू विभागात विचारा. दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण असतं, माती कुठे दिली ते नसतं. पण नेमकी तारीख कळली की दफनभूमीतलं जुनं रजिस्टर बघता येतं. रजिस्टर नसेल तर तुमच्या घरच्या जंगमांकडे, म्हणजे पुरोहितांकडे, जा. क्रिया ज्यांनी केली त्यांच्या घरात कुणाला तरी आठवत असेल. खांदा दिलेल्यांपैकी कुणी असेल तर त्यांना सोबतच न्या. फोनवर जागा सांगता येत नाही हो.

बाळीवेसकर: आपल्यात बसवून माती देतात, म्हणून लांबट उंचवटा शोधत फिरू नका. शिवाय सार्वजनिक जागा आहे. इतक्या वर्षांत तिथेच दुसऱ्या कुणाला माती दिलेली असू शकते. पक्की खात्री नसेल तर दगड रोवूच नका. दुसऱ्याच्या माणसावर आपल्या माणसाचं नाव नको.

दगडाचं म्हणाल तर शहाबादी फरशी स्वस्त आणि जवळची, पण तिचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरं जातात. काळा पाषाण घ्या, नाव खोल कोरून घ्या. त्याआधी पालिकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गड्ड्याचा पाहुणा: आणि जागा सापडलीच नाही तर आज्जीला काय सांगू?

बाळीवेसकर: खरं तेच सांगा. कुठली तरी जागा दाखवून तिला बसवू नका, तिचा हक्क आहे खरं कळण्याचा. परवानगी मिळाली तर कुंपणालगत छोटा दगड लावा, नाव आणि साल घाला, "याच भूमीत माती दिली" असं लिहा. तिथे बेल, विभूती ठेवता येते. तिच्यासाठी खुर्ची न्या, जमीन खडबडीत असते.

मुळेगाव रोड: दाखल्याचं काम मात्र गड्ड्याच्या आधीच उरका. त्या दिवसांत फार धावपळ होते.