मदत हवी आहे: ऑक्सिजन तोडलेल्या हृदयपेशी औषधाने खरंच वाचतायत का?

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची, सध्या शांघायला पीएचडी करतेय. दानशेन नावाची इथली लाल मुळी आहे, तिच्यातल्या साल्व्हिअॅनोलिक अॅसिड बी या घटकावर माझं काम आहे. छातीतल्या दुखण्यावर ही मुळी चीनमध्ये फार जुन्या काळापासून देतात. सानछी ही आणखी एक मुळी आणि भीमसेनी कापूर घालून केलेल्या तिच्या बारीक गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात. आमच्या इमारतीतल्या एक आजी त्या रोज घेतात. त्यामुळे माझ्या आकड्यांवर कुणीतरी विश्वास ठेवणार आहे, हे डोक्यातून जात नाही.

एच९सी२ या उंदराच्या (रॅट) हृदयपेशी चेंबरमध्ये, म्हणजे ऑक्सिजन कमी करता येणाऱ्या बंद पेटीत, १ टक्का ऑक्सिजनवर २४ तास ठेवते. औषध, म्हणजे हाच घटक, १०, ५० आणि १०० मायक्रोमोलर (तीव्रतेचं एकक), आधीपासूनच माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात. एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रसायन) घालून पाहिलं की डोस वाढेल तसा जांभळा रंग गडद होत जातो, म्हणजे जास्त पेशी जिवंत. पण त्याच प्लेटच्या माध्यमातलं एलडीएच (मरणाऱ्या पेशींतून बाहेर गळणारं विकर) मोजलं तर औषधवाल्या आणि बिनऔषधाच्या पेशींत फारसा फरक नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हीकडे पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसतात. मार्गदर्शक म्हणतात, एमटीटी छान आलंय, लिहायला घे. माझा हात पुढे सरकत नाही.

शिवाय वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) एचआयएफ-१ अल्फाची, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठणाऱ्या प्रथिनाची, पट्टी एकदा येते, एकदा गायब. बरोबरचा मुलगा म्हणतो, चेंबरची कटकट सोड, सरळ कोबाल्ट क्लोराइड घाल. घालू का? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात गटापुढे मांडायचं आहे.

प्रतिसाद:

लिहायला घेऊ नका, तुमची शंका रास्त आहे. तुमचं औषध पॉलिफेनॉल आहे, म्हणजे सहज इलेक्ट्रॉन देणारं वनस्पतीतलं संयुग; पेशी नसतानाही ते एमटीटीला स्वतःच क्षपित करून (इलेक्ट्रॉन देऊन) जांभळं करू शकतं. आज एवढंच करा: प्लेटच्या रिकाम्या वेल्समध्ये (खळग्यांत) माध्यम, औषध, एमटीटी. पेशी अजिबात नकोत. रंग आला तर पुढच्या वेळी एमटीटी घालण्याआधी पेशी दोनदा धुवा, आणि निष्कर्ष एलडीएचवर किंवा पेशी मोजून काढा.

कोबाल्टच्या नादी तर मुळीच लागू नका. त्याने एचआयएफ टिकतं, पण पेशीला ऑक्सिजन मिळतच असतो. वर तुमच्या रेणूतले कॅटेकॉल गट (रेणूचे ठरावीक भाग) कोबाल्टसारख्या धातूला धरतात. औषधाने कोबाल्टच बांधून टाकला तर पेशी वाचल्यासारख्या दिसतील आणि तुम्हाला वाटेल औषध लागू पडलं.

पट्टीचं कारण बहुधा तुमच्या हातांचा वेग. नेहमीच्या हवेत एचआयएफ-१ अल्फाचं अर्धायुष्य जेमतेम ५ मिनिटांचं. प्लेट बाहेर काढून, धुऊन, खरवडेपर्यंत ते संपलेलं असतं. लायसिस बफर (पेशी फोडणारा द्राव) बर्फावर तयार ठेवा, जमलं तर चेंबरच्या आतच घाला.

आणि एक. तुम्ही औषध आधीपासूनच घालता, पण रुग्ण हृदयविकाराचा झटका आल्यावर येतो, आधी नाही. ऑक्सिजन परत देताना औषध घातलेला एक गट ठेवाच.

मूळ धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. आत्ताच रिकाम्या वेल्स पाहिल्या. १०० मायक्रोमोलरला स्पष्ट जांभळा, ५० लाही फिकट आहे. पेशी एकही नाही. उद्या सकाळी मार्गदर्शकांना ही प्लेटच नेऊन दाखवते.